विचारायचं बटण

"मॅडम, कॉम्प्युटर चालू आहे, पडद्यावर काहीच हलत नाही, आणि आठ पोरं त्याच्यासमोर बसून भांडून राह्यली. याला काय म्हणायचं?"

प्राचार्यांनी मला चालू तासातून बोलावून घेतलं होतं. खडू माझ्या हातातच होता. खिडकीपाशी आमचे कॉम्प्युटर शिकवणारे नंदू सर उभे होते आणि बाहेरच्या सागाकडे पाहत होते. त्या झाडाला तेव्हा एकही पान नव्हतं, त्यामुळे पाहण्यासारखं काही नव्हतं.

ही गोष्ट गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजची आहे. एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. मी तिथे इतिहास विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी आणि भिंतीवरचे नकाशे. कॉम्प्युटर लॅब नवी होती. पूर्वी त्या खोलीत खेळाचं सामान आणि मोडके बाक असायचे. नंदू सर कंत्राटी होते. कंत्राटी म्हणजे उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि संस्थेच्या मनात असेल तर पावसाळ्यात पुन्हा सुरू व्हायची. गावात दुसरं कोणी ती मशिनं चालवू शकत नव्हतं. तरी त्यांना दर वर्षी मनात राहावं लागायचं.

"हे नागपूरहून एक सीडी घेऊन आले," प्राचार्य म्हणाले. "साम्राज्याचा गेम. पोरांना लावून दिला. आज मी व्हरांड्यातून जातो तर वैशाली म्हणते, त्यांना परत पाठवा. आणि ती मुलचेऱ्याची मंडल म्हणते, परत पाठवून पाह्य, तिकडं कोण घेते ते. मॅडम, हे आपल्या कॉलेजात नको."

त्यांची भीती मला कळली. पोरांनो, तुम्हाला कळावी म्हणून सांगते. मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत. ती माणसं पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आली, आणि सरकारनं त्यांना तिथे जंगलात जमीन देऊन वसवलं. त्यांची नातवंडं आता माझ्या वर्गात होती. शेफाली मंडल घरी बंगाली बोलायची आणि कॉलेजात वैशालीसारखंच बोलायची. वैशाली कुरखेड्याकडची, धानाच्या शेतकऱ्याची मुलगी. दोघी एका बाकावर बसायच्या. त्या बाकावर हा विषय कधी निघाला नव्हता.

"सर, तो इतिहासाचा गेम आहे," नंदू सर खिडकीकडेच पाहत म्हणाले.

"इतिहास मॅडमचा विषय आहे. मॅडम, तुम्ही पाहा आणि मला सांगा, इतिहास आहे की टाइमपास. टाइमपास असला तर भाऊ येतील तेव्हा सांगून टाकतो, पुढच्या वर्षी दुसरा माणूस पाहा म्हणून."

भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांची राईस मिल होती. मार्चमध्ये ते कॉलेज पाहायला यायचे आणि कोणाला ठेवायचं ते ठरवून जायचे. नंदू सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मी हो म्हटलं.

ज्या गोष्टीत मला काही कळत नाही तिच्यावर मी शेरा मारत नाही. म्हणून आधी मी स्वतः खेळायला बसले. दुपारी मुलं घरी गेली की नंदू सर मला शिकवायचे.

तुम्हाला हे गेम माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. हे पत्र तुमची आईही वाचेल, तिच्यासाठी सांगते. पडद्यावर जगाचा नकाशा असतो. एक देश आपण घ्यायचा. वर तारीख पळत असते. खाली खजिना, सैन्य, जहाजं. जो मुलूख अजून आपल्याला माहीत नाही तो पांढरा दिसतो. जहाज तिथे पोचलं की रंग येतो, आणि मग त्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं. व्यापारी पाठवायचे, वसाहतवाले पाठवायचे, की सैन्य. आणि एक पॉजचं बटण असतं. ते दाबलं की सगळं जग थांबतं. बहुतेक लोक चहाला उठताना ते वापरतात.

मी इंग्लंड घेतलं. जन्मभर त्यांच्याबद्दल शिकवलं होतं, माहितीचा उपयोग होईल असं वाटलं.

"मॅडम, कर थोडा वाढवा."

"लोक चिडतील ना?"

"चिडले तं सैन्य आहे."

हे पहिल्या दुपारी. पुढे पुढे त्यांनी सांगायची गरज राहिली नाही. कर मीच वाढवू लागले, सैन्यही मीच हलवू लागले. वर्गात ज्या ज्या गोष्टींना मी नावं ठेवली होती, त्या सगळ्या मी चहा थंड व्हायच्या आत उरकल्या. कोणी मध्ये बोललं नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. नकाशावर आपला चांदा-गडचिरोलीचा भाग पांढराच होता, म्हणजे इंग्लंडला अजून माहीत नव्हता. मी त्या पांढऱ्या जागेच्या मधोमध बसून खेळत होते.

मग एके दिवशी मुलांचा खेळ पाहायला गेले. तासानंतर आठही जण एकाच मशिनसमोर बसले होते. बाकीची मशिनं एक तर बिघडलेली होती, नाही तर त्यांच्यावर कॉमर्सची मुलं टायपिंग करत होती. माऊस देवाजीच्या हातात होता. देवाजी ढिवराचा मुलगा. त्याच्या गावाला मोठा तलाव आहे आणि सगळं गाव त्यात मासे धरतं.

"इंग्लंड नाही घेतलं?" मी विचारलं.

"नाई मॅडम. पोर्तुगाल घेतलं. लहान आहे, सांभाळाले बरं."

पोर्तुगालचं बरं चाललं होतं. लढाई एकही नव्हती. खजिन्यात पैसे होते. पण माझ्या इंग्लंडपेक्षा ते फार मागे होतं, कारण तारीख पळतच नव्हती. दर थोड्या वेळानं देवाजी पॉज दाबायचा आणि मागे वळायचा.

"बोला."

मग एकेक जण हो किंवा नाई म्हणायचा. सगळ्यांचं हो आलं तर देवाजी क्लिक करायचा. एकाचं जरी नाई आलं, तरी माऊसवरून हात काढून घ्यायचा.

"हा नियम गेममध्ये आहे?"

"गेमात कुठी, मॅडम. आमच्या तलावाचा आहे. जाळं कधी टाकाचं ते साऱ्या घरचा एकेक माणूस बसून ठरवते. एक घर नाई म्हणलं तं त्या दिवशी जाळं नाई."

"मग मासे कधी खाता?"

"खातो ना. उशिरा खातो."

बाकीची हसली. देवाजी हसला नाही. त्याला ते हसण्यासारखं वाटत नव्हतं.

भांडण ज्यावरून झालं होतं ते जहाज पडद्यावर एका किनाऱ्याजवळ उभं होतं. वसाहतवाले भरून पाठवलेलं. पाठवताना किनारा पांढरा होता, म्हणून सगळ्यांनी हो म्हटलं होतं. जहाज पोचल्यावर रंग आला आणि खाली लिहून आलं की इथे लोक राहतात. तेव्हापासून जग थांबलेलं होतं. मुलं रोज मशिन सुरू करायची, जहाजाकडे पाहायची, तेच बोलायची आणि मशिन बंद करायची.

"बोला," देवाजी म्हणाला.

"माह्यं नाई आहे," वैशाली म्हणाली.

"आज बी?"

"आज बी. तिथी लोकं राह्यतेत. परत पाठव त्याइले."

"कुठी परत?" शेफाली म्हणाली. "जहाजात बसून आले ते. मागं त्याइचं काय राह्यलं असन? माह्या आज्याले ट्रकातून उतरवलं आणि सांगतलं, इथंच राहा. समोर जंगल. कोणी विचारलं त्याले?"

"आमच्या इकडच्याइले कोणी विचारलं? माही मावशी तिकडंच दिली आहे. तिचा सासरा सांगते, मोहा वेचाले गेलो तं झाडाखाली ट्रक उभा."

मागे टायपिंग करणारी मुलं थांबली. प्राचार्यांनी व्हरांड्यातून हेच ऐकलं असणार. मी मध्ये पडणार होते. तोंड उघडलंही होतं.

"म्हणजे याइलेबी नाई विचारलं, त्याइलेबी नाई विचारलं," देवाजी सावकाश म्हणाला. "मंग ठरवलं कोणं?"

एकेकाची नजर त्याच्या हाताकडे गेली. देवाजीनंही खाली पाहिलं आणि माऊस बोटभर पुढे ढकलून दिला.

वैशालीनं दारात उभ्या असलेल्या नंदू सरांना विचारलं, "सर, त्या लोकाइले विचाराचं बटन कुठी आहे?"

नंदू सर पुढे आले. त्यांनी खरोखरच सगळी बटणं एकदा पाहिली. "व्यापाराचं आहे. वसाहतीचं आहे. हल्ल्याचं आहे. विचाराचं नाई आहे."

"नाई कसं? एवढा मोठा गेम."

"नाई आहे, बाई. मी काय करू."

त्या दिवशीही जहाज तिथेच राहिलं. वैशाली आणि शेफाली एकाच सायकलवर होस्टेलला गेल्या. शेफाली चालवत होती.

मी प्राचार्यांकडे गेले.

"सर, गेमनं भांडण लावलं नाही. बोलणं काढलं."

"ते असू द्या. इतिहास आहे की टाइमपास?"

"चालू असतो तेव्हा टाइमपास. थांबलेला असतो तेव्हा इतिहास."

प्राचार्य गणिताचे होते. "आणि थांबलेला असताना वीज जळते तिचं काय?"

"मुलं बोलत असताना पडदा बंद ठेवू."

हे त्यांना पटलं. "ठीक आहे. पण भाऊंना हे तुम्ही सांगा. मला सांगता येणार नाही."

भाऊ आले ते दुपारी, दोन माणसं बरोबर घेऊन. पाण्याची टाकी पाहिली, वाचनालय पाहिलं, आणि लॅबच्या दारात उभे राहिले. मुलं उठून उभी राहिली. मी बोलायला सुरुवात करणार तोच भाऊ देवाजीच्या खुर्चीत बसले.

"हा का तो गेम? काय करायचं याच्यात?"

"जहाज उभं आहे, भाऊ," प्राचार्य म्हणाले. "माणसं उतरवायची आहेत."

"मग उतरवा की," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

किनाऱ्यावर लहानसं घर उभं राहिलं. भाऊ खूश झाले. त्यांच्याबरोबरची माणसंही खूश झाली. वैशालीनं शेफालीकडे पाहिलं, आणि शेफालीचा चेहरा तिच्याइतकाच उतरला होता. खरं म्हणजे तिला हवं होतं तेच झालं होतं.

नंदू सर म्हणाले, "भाऊ, एक मिनिट," आणि त्यांनी भाऊंच्या खांद्यावरून हात घालून कीबोर्डवर काही दाबलं. पडदा काळा झाला. मग नकाशा परत आला. घर नव्हतं, जहाज होतं तिथेच होतं. याला सेव्ह म्हणतात, म्हणजे आधीची अवस्था राखून ठेवणं आणि हवी तेव्हा परत आणणं. सांगायला सोपं आहे. ज्याच्या हाती पुढच्या वर्षीची नोकरी आहे, त्यानं केलेलं त्याच्याच डोळ्यांदेखत पुसून टाकायला काय लागतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

"मी दाबलेलं गेलं?" भाऊंनी विचारलं.

"हो, भाऊ."

"काऊन?"

देवाजी म्हणाला, "भाऊ, सगळ्याइचं हो नाई आहे. दोघी नाई म्हणून राह्यल्या."

"दोघी कुठी?" वैशाली म्हणाली. "नाई माह्यं एकटीचं होतं."

"आज माह्यं बी नाई," शेफाली म्हणाली. "असं नाई उतरवत."

भाऊंनी खुर्ची वळवली. "कोणत्या गावचा रे तू?"

देवाजीनं गाव सांगितलं.

"तलाववाला. तरीच. जाळ्याचा कायदा इथं लावला का?" भाऊ उठले, बाकाशी गेले आणि मुलांच्या रांगेत बसले. "बरं, मग माझंबी धरा. माझं हो आहे."

प्राचार्य हसले. देवाजी हसला नाही.

"भाऊ, बाहेरगावच्याले बसता येते. बोलता नाई येत."

प्राचार्यांनी डोळे मिटले. भाऊंनी बाकाला पाठ टेकली.

"बोला मग," ते म्हणाले. "मी बसतो."

आणि ते बसले. चहा येईपर्यंत मुलं बोलली, आणि भाऊ एक शब्द बोलले नाहीत. दोनदा त्यांचा हात वर झाला. दोन्ही वेळा त्यांनी तो स्वतःच खाली घेतला. जहाज त्या दिवशीही हललं नाही.

जाताना त्यांनी प्राचार्यांना माझ्यासमोर सांगितलं, "तो कॉम्प्युटरवाला राहू द्या. माझं पुसताना त्याचा हात कापत होता, तरी पुसलं." मग जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "गेम चारनंतर. आणि पडदा बंद ठेवत जा. वीज फुकट येत नाई."

नंदू सर पुढची बरीच वर्षं तिथे राहिले. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, ती तशीच संपत राहिली, आणि दर पावसाळ्यात सुरू होत राहिली. पोर्तुगालचा खेळ कधी पुरा झाला नाही. परीक्षा आल्या, मुलं गावी गेली, आणि पावसात ते मशिन बंद पडलं. ते जहाज माझ्या हिशेबी अजून किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उभं आहे.

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की एका शनिवारच्या दुपारी तुम्ही दोघांनी गेममध्ये बंगालपासून पंजाबपर्यंत सगळं घेतलं. अभिनंदन. मीही घेतलं असतं. मला माहीत आहे ते किती लवकर होतं.

पुढच्या वेळी बटण दाबायच्या आधी एकदा पॉज करा आणि खोलीत सगळ्यांना विचारा. खोलीत दुसरं कोणी नसेल तर मला फोन करा. माझं बहुतेक नाही असेल.