शेवंताच्या घराचं दार

गिरजा गेल्याची बातमी गणपतनं आणली. मी तेव्हा आमच्या गल्लीतली मोकळी जागा झाडत होतो. गिरजा उमरग्याच्या दवाखान्यात होती, आमचा पोरगा तिच्यापाशी, आणि मी तिची लुगडी न्यायला गावी आलेलो. निघताना तिनं तोंडावरची नळी बाजूला सारून एवढंच सांगितलं, "शेवंताकडं झाडून घ्या. पाचोळा साचला आसंल." तेच करत होतो, तर शेजारचा गणपत हातात फोन घेऊन पळत आला. सरळ आला असता तर चार ढांगांत माझ्यापाशी पोचला असता. पण तो वळसा घालून उगवतीच्या बाजूला गेला, तिथनं आत आला आणि मग म्हणाला, "तात्या, काकू गेल्या…" मरणाची बातमी घेऊन पळणारा माणूससुद्धा त्या जागेत दारानं आला. आणि तिथं दार नाही. भिंत नाही. कधी नव्हतीच.

महिना होत आला. येणारा जाणारा म्हणतो, देवमाणूस होती. नव्हती. तोंडानं फटकळ होती, कालवणात मीठ जास्त टाकायची आणि कुणी बोललं तर अजून टाकायची. मी सातवी नापास माणूस, मला गोड लिहायला येत नाही. जे झालं ते लिहितो.

आमचं गाव सास्तूरच्या अंगाला. जुन्या गावात आमचा बोळ एवढा अरुंद की समोरासमोरच्या दोन बाया आपापल्या उंबऱ्यावर बसून एकाच सुपातलं निवडायच्या. गिरजा आणि शेवंता तशाच बसायच्या. दोघी एकाच वर्षी नांदायला आलेल्या. एकीची सासू कावली की दुसरी मुद्दाम मोठ्यानं हसायची, म्हणजे सासूचा राग तिकडं वळायचा. मग भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद… शेवंताच्या घरातलं कुणी उरलं नाही. ती स्वतः घरात नाही मेली. पळत बाहेर आली आणि त्या अरुंद बोळात दोन्हीकडच्या भिंती तिच्यावर आल्या. आमचं दार चार हातांवर होतं. गिरजानं तिचा आवाज ऐकला होता. काय ऐकलं ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो आणि नव्या गावाचा नकाशा आला. सगळी घरं सरळ रांगेत, सैनिकांच्या बराकी असतात तशी. नकाशा समजावायला एक ताई यायच्या, घरं आखायचं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी कागद पसरला, सगळ्यांनी माना डोलावल्या. गिरजा तेवढी म्हणाली, "ह्यात मला माझं दार दिसंना." ताईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "मग कागद राहू द्या. उद्या माळावर या, तुम्हीच दाखवा."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली नव्या जागेवर गेली. ताईंची रीत अशी, की प्रत्येकानं आपल्या दारात उभं आहोत असं समजून उभं राहायचं, डाव्या उजव्या हाताला जुना शेजारी आहे का बघायचं, आणि मग ताई त्याच्या पायापाशी चुन्याची फक्की ओढायच्या. गिरजा एकेकाचा दंड धरून जागेवर नेत होती. एका म्हाताऱ्याला म्हणाली, मामंजी, तुमचं तोंड मारुतीकडं होतं, आता काय बायकोकडं करून ऱ्हाता का. लई दिवसांनी लोक हसले. भांडणही झालं. तिला बोळ पहिल्यासारखाच अरुंद पाहिजे होता, ताई ऐकेनात. शेवटी ताई हळूच म्हणाल्या, "मावशी, भिंत पडली तर पळायला जागा पाहिजे ना." गिरजा स्वतःच मागं मागं सरकत गेली आणि म्हणाली, इथवर घ्या. बैलगाडी वळंल एवढा रस्ता तिनंच सोडला.

आणि मग ते झालं. आमच्या दाराची रेघ ओढून झाली, आणि गिरजा समोर हात करून रोजच्या आवाजात म्हणाली, "शेवंते, तू हिकडं उभी ऱ्हा. तुझं दार उगवतीला."

वाऱ्यानं फक्की उडत होती. गिरजाला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. ताई पुढं गेल्या, गिरजानं हात केला होता तिथं चौकोन आखला, आणि उगवतीला दारापुरती जागा कोरी सोडली.

तो चौकोन कुणाला पुसवेना. मेलेल्याला घर मिळत नाही, म्हणून नकाशात ताईंनी तिथं 'मोकळी जागा' लिहिलं. भोवती आमची घरं उठली, फक्की पहिल्या पावसाळ्यातच गेली, पण गिरजा रोज तेवढाच चौकोन झाडायची. आत जायची ती उगवतीनं, चप्पल बाहेर काढून. तिचं बघून बाया, बायांचं बघून लेकरं. तिथं कडुलिंब वाढला. शेवया, पापड, हळदी, बाळंतिणीचं ऊन… सगळं तिथंच व्हायला लागलं. ताई मागं एकदा लोक घेऊन आल्या, गाव कसं वसवावं ते दाखवायला. ही जागा एवढी चांगली कशी झाली, असं एकानं विचारलं. गिरजा म्हणाली, "चांगल्या बाईचं घर हाय."

तिच्या तेराव्याला सरपंच बालाजी आला. हा शेडात जन्मलेला, जुनं गाव त्यानं बघितलेलं नाही. म्हणाला, काकूंच्या नावानं तिथं सभागृह बांधू, निधी आलाय. त्याच्या मनात खोट नव्हती. पण दवाखान्यातनं तिनं एकच जागा माझ्या हवाली केली होती, आणि तिच्याच नावाचा स्लॅब त्या जागेवर पडणार होता. भांडायला गेलो असतो तर म्हातारा बिथरला म्हणाले असते. मी म्हणालो, "बांध. पण आपल्या गल्लीची रीत हाय. भिंत कुठं पायजे ती जागेवर उभं राहून, तुझ्या हातानं आखायची."

सगळी गल्ली आपापल्या दारात उभी राहिली. बालाजी फक्कीची पाटी घेऊन आला. वळसा घालून, उगवतीनं. चप्पल बाहेर काढली. मधोमध जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तात्या, चूल कुठं हुती?"

मी कोपरा दाखवला. त्यानं तिकडं बघितलं, पाटी खाली ठेवली. "शाळेपाशी बांधू," म्हणाला, आणि आला तसाच दारानं बाहेर गेला.

आता खराटा माझ्याकडं आहे. गिरजा होती तेव्हा आत शेवंता एकटी होती, आणि मी तिथं कधीही शिरायचो, कशाचं काही वाटायचं नाही. आता तसं होत नाही. रोज सकाळी उगवतीला चप्पल काढतो, खराटा काखेत धरतो आणि आधी खाकरतो. थोडा थांबतो. आत दोघी निवडत बसलेल्या असतात, पदर सावरायला वेळ द्यावा लागतो.