ओपनिंगची चौकशी

हा किस्सा सांगावा की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. बायको म्हणते, "नका सांगू, सोसायटीत लोक तुम्हाला अजून हुशार समजतात." पण तुम्ही आपलीच माणसं. चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. फक्त एक करा, हसताना माझ्याकडे बघू नका.

तेव्हा मी मीरा रोडच्या हाटकेशला एका कारखान्यात मॅनेजर होतो. कारखाना म्हणजे काय हो, दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेले. आम्ही स्टीलचे टिफिनचे डबे बनवायचो. मालक जयंतीभाई, मनाने मोठा माणूस आणि आवाजाने त्याहून मोठा. खाली मशीनवर सुपरवायझर यादवजी. वर ऑफिसात मी, एक कॉम्प्युटर आणि फोनवर ग्रेसीबाई. ग्रेसीबाई उत्तनजवळच्या चौक गावातून बसने यायच्या आणि गिऱ्हाइकाशी असं गोड बोलायच्या, की शिव्या द्यायला फोन केलेला माणूससुद्धा शेवटी थँक्यू म्हणायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग जयंतीभाईंनी मला अंधेरीला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथून सगळं बिघडलं!

तिथे टाय लावलेले एक सर होते. ते म्हणाले, गाडी चालवताना समोर डॅशबोर्ड असतो की नाही? वेग किती, पेट्रोल किती, एका नजरेत कळतं. मग धंदा काय डोळे मिटून चालवता? दोन-चार मोजके आकडे निवडा, भिंतीवर लावा. बरं चाललं तर हिरवा, सांभाळायचं तर पिवळा, गडबड तर लाल. पण निवडण्याआधी खालच्या माणसांशी बोला, कारण जे मोजाल त्याच्याच मागे माणसं धावतील.

हे शेवटचं वाक्य ते नेमकं जेवणाच्या सुट्टीच्या आधी म्हणाले. आता मला सांगा, बाहेर गुलाबजामचा वास सुटलेला असताना माणूस किती ऐकणार?

परत आलो तो वेगळाच माणूस होऊन.

"जयंतीभाई, आपण डॅशबोर्ड लावायचा!"

"केम? टेम्पोचा तुटला काय?"

"टेम्पोचा नाही हो, धंद्याचा!"

अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, "सावंतभाई, तुम्हाला समजलं ने? बस. लावून टाका."

मग मी केबिनचं दार लावून आकडे निवडायला बसलो. कोणाशी बोललो? कोणाशीही नाही. आधी तीस निवडले, त्यात पंख्यांची संख्यासुद्धा होती. मग सरांची आठवण होऊन तीनवर आलो. रोज किती डबे बनले. किती डबे नापास झाले. आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे किती फोन आले. कसली सुंदर निवड! माझं मलाच कौतुक वाटलं.

बोर्ड बनवायला भाईंदर पश्चिमेचा एक इलेक्ट्रिशियन पकडला. तो एरवी गणपतीच्या मखरांची लायटिंग करायचा. त्याने कारखान्याच्या दारावर बोर्ड ठोकून लाल, पिवळे, हिरवे बल्ब लावले, बटणं माझ्या टेबलापाशी दिली. पण पहिल्या दिवशी बटण दाबलं तर काय, दिवे एकामागोमाग पळायलाच लागले! लाल-पिवळा-हिरवा, लाल-पिवळा-हिरवा. यादवजींनी खालून हात जोडले. त्या दिवसांत गल्लोगल्ली ऑनलाइन लॉटरीची दुकानं उघडली होती. संध्याकाळपर्यंत दोन जण आत येऊन विचारून गेले, "निकाल किती वाजता लागतो?"

ते दिवे थांबवले एकदाचे. दुसऱ्या दिवसापासून डॅशबोर्ड सुरू. आणि तिन्ही ओळी लाल!

मी खाली जाऊन छोटंसं भाषण दिलं. "यादवजी, वो बत्ती हरी चाहिए. डिब्बा जास्ती, रिजेक्शन कम."

"हो जाएगा साहब," यादवजी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली का? छे!

वर ग्रेसीबाई लाल दिव्यामुळे रडवेल्या झालेल्या. "साहेब, माझ्याच ओळीचा दिवा सगळ्यांना दिसतो. मना कसं तरी वाटतं. मी काय करू? लोक फोन करतात."

"तुमची चूक नाही हो ग्रेसीबाई. पण कमी झाले पाहिजेत."

त्यांनी फोनची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? माणूस फोनवर विचारतो, हे कसं करायचं, ते कसं करायचं. तर ती तक्रार धरायची का चौकशी?"

मी कॉम्प्युटरवर आलेखाला रंग देत होतो. मान वर न करता म्हणालो, "विचारतोय म्हणजे चौकशीच की!"

झालं. माझ्याच तोंडाने.

आठवड्याभरात काय जादू झाली म्हणता! डबे वाढले, हिरवा. नापास डबे जवळजवळ बंद, हिरवा. तक्रारी शून्य, हिरवा! आणि रोज संध्याकाळी ग्रेसीबाई हसत सांगायच्या, "साहेब, आज तक्रार एक पन न्हाय. चौकश्या मात्र लई."

"कसल्या चौकश्या?"

"ओपनिंगच्या."

ओपनिंगच्या! म्हणजे लोकांना आमच्या डब्यांची दुकानं उघडायची आहेत? एजन्सी पाहिजे? आणि हे मी आजवर मोजतच नव्हतो? ताबडतोब इलेक्ट्रिशियनला बोलावून चौथी ओळ जोडली, 'ओपनिंगची चौकशी'. ती पहिल्या दिवसापासून हिरवीगार. रोज कालच्यापेक्षा जास्त!

जयंतीभाईंना आलेख दाखवला. रेघ अशी वर चढलेली, की कागद संपला. ते खुर्चीतून उठले. "सावंतभाई! एटला लोक एजन्सी मागे छे?"

"वसईपासून दहिसरपर्यंत!"

माणूस पेटला. रविवारीही काम सुरू केलं. गोदाम छतापर्यंत भरलं, जिन्यात डबे, माझ्या केबिनमध्ये डबे. शेजारचा तिसरा गाळा घ्यायची बोलणी सुरू झाली. मला म्हणाले, "तो गाळा झाला की तुम्ही जनरल मॅनेजर." मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. सासुरवाडीला फोन केला. रत्नागिरीला काकांना कळवलं. सांगायचं कोण राहिलं? वाणीसुद्धा राहिला नाही.

मग माझ्याच डोक्यातून कल्पना निघाली. या सगळ्या लोकांना शनिवारी बोलवायचं, मोठा समारंभ करायचा!

"ग्रेसीबाई, ओपनिंगसाठी ज्यांनी ज्यांनी फोन केला, त्यांचे नंबर आहेत ना?"

"हायत की. परत फोन करते असं सांगून ठेवलंय सगळ्यांना."

"मग करा. सांगा, शनिवारी ओपनिंगचा कार्यक्रम आहे."

ग्रेसीबाईंचा चेहरा असा उजळला! "साहेब, किती चांगलं केलंत! लोक दुवा देतील." आणि लगेच फोनवर बसल्या. मी केबिनमधून ऐकत होतो. "हो हो, आमचे साहेब सोता करनार हायत. डबा घेऊन या हां, विसरू नका."

डबा घेऊन या? मी म्हटलं, बाई किती धोरणी! पाहुणे आपापलं जेवण घेऊन येणार, म्हणजे आपण नुसते पेढे वाटले तरी चालतील.

शनिवार उजाडला. बोर्डाला झेंडूचा हार. चारी ओळी हिरव्या. मी लग्नातला सफारी घालून दारात उभा. पहिल्या आल्या भाईंदर पश्चिमेच्या पाटणकर काकू. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आवाजात अजून घंटा. हातात पिशवी.

"ओपनिंग इथेच आहे ना? माझा नंबर पहिला लावा."

"या या काकू! पहिला मान तुमचाच. तुमचं ओपनिंग कुठे करायचं म्हणता? पश्चिमेला, स्टेशनजवळ?"

काकूंनी मला चष्म्यावरून पाहिलं. "स्टेशनजवळ कशाला? इथेच करा की."

"इथे म्हणजे... बरं, जागा किती आहे तुमच्याकडे?"

"जागा कसली! पाव किलो भेंडी जेमतेम मावते."

मला वाटलं, शिक्षिकांचा काहीतरी विनोद असेल. मी हसलो. काकू हसल्या नाहीत.

"लवकर करा. मंगळवारपासून आत आहे."

"कोण?"

"भेंडी!"

तेवढ्यात मागून एक रिक्षावाला, मूळचा पेणचा, पुढे सरकला. "साहेब, माझं आधी करा. माझं लायसन आत हाय. पावसात भिजू नये म्हनून नव्या डब्यात ठेवलं. हवालदारानं अडवलं तर त्याच्या हातात डबाच दिला. त्यानं दहा मिनिटं जोर लावला, मग मलाच म्हनाला, जा बाबा."

मी काकूंच्या पिशवीकडे पाहिलं, मग रिक्षावाल्याच्या डब्याकडे. पण विचार करायला वेळ कुठे? मागे जयंतीभाई आले, पांढऱ्या कपड्यात, हातात पेढ्यांची परात. कारखान्यासमोरचं अंगण गच्च भरलेलं बघून त्यांनी परात बाजूला ठेवली. ते खुर्चीवर चढले आणि त्या आवाजात, जो मीरा रोड स्टेशनपर्यंत जात असावा, म्हणाले,

"भाई-बहनो! तुमच्या सगळ्यांचा ओपनिंग आम्ही करून देणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग सगळ्यांनी एकदम हात वर केले. प्रत्येक हातात आमचा एकेक डबा. बंद.



"सावंतभाई," जयंतीभाई खुर्चीवरूनच, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "आ शुं छे?"

मी यादवजींकडे पाहिलं. यादवजी बोर्डाकडे बघत होते. "साहब, आप ही बोले थे रिजेक्शन का बत्ती हरा चाहिए. पहले जिसका ढक्कन टाइट होता था, हम बाजू में निकालते थे. फिर निकालना बंद किए."

म्हणजे झाकण एकदा दाबून लावलं, की ते असं धरायचं की सोडायचं नावच नाही. मी ग्रेसीबाईंकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या गोंधळून म्हणाल्या, "साहेब, लोक विचारायचे, डबा ओपन कसा करायचा. तुम्हीच बोललात ना, विचारतो म्हंजे चौकशी?"

चार हिरवे दिवे माझ्या डोक्यावर लखलखत होते.

"चला," पाटणकर काकू म्हणाल्या, "मुख्य पाहुण्यांनी सुरुवात करावी."

काकूंचा डबा मी दोन गुडघ्यांत धरला आणि ताकद लावली. चेहरा लाल, मान लाल. रिक्षावाला ओरडतोय, "जोर लावा साहेब!" कोणीतरी मागून माझी कंबर धरली. आणि टप्पकन झाकण उडालं! त्यामागोमाग मंगळवारची भेंडी निघाली आणि माझ्या सफारीवर येऊन बसली. तो वास! अंगणातली सगळी माणसं एका पावलात मागे सरली. काकूंनी तेवढं विचारलं, "डबा धुऊन मिळेल ना?"

मग यादवजींनी गरम पाणी आणि लाकडी हातोडा आणला, आणि खरोखरच ओपनिंगचा कार्यक्रम पार पडला. लायसन सुखरूप निघालं. एका डब्यातून कोणाची तरी कवळी निघाली. जयंतीभाईंनी प्रत्येकाला खालून तपासून आणलेला नवा डबा दिला, वर पेढा. लोक खूश होऊन गेले. गाळ्याची बोलणी मोडली, आणि गोदामातला एकेक डबा पुन्हा तपासायला माणसं बसली. मला वाटलं, आपली नोकरी गेली.

सोमवारी जयंतीभाई केबिनमध्ये आले. मी उठून उभा राहिलो.

"सावंतभाई, बोर्ड काढायचा नाही. मस्त आहे. फक्त तुमचा माप बदली केला."

बाहेर जाऊन बघतो तर चारी ओळी पुसलेल्या. त्यांच्या जागी, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, एकच ओळ: 'सावंतसाहेबांनी आज स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेले डबे'. खाली तीन दिवे. बटणं ग्रेसीबाईंच्या टेबलावर.

शंभर उघडले तर हिरवा! पहिल्या दिवशी तिसाव्या डब्याला माझी बोटं वाकायची बंद झाली. लाल. दुसऱ्या दिवशी लाल. येणारे-जाणारे बघतायत, टेम्पोवाला विचारतोय, "साहेब, आज पन लाल?" ग्रेसीबाईंना म्हटलं, पिवळा तरी लावा हो! त्या म्हणाल्या, "लावला असता साहेब, पन शेठ खाली उभे हायत."

तिसऱ्या दिवशी मात्र जेवायच्या सुट्टीआधीच शंभर पूर्ण! हिरवा! खालून टाळ्या आल्या. जयंतीभाई स्वतः वर आले, माझी पाठ थोपटली.

ते गेल्यावर ग्रेसीबाई माझ्या टेबलाजवळ आल्या. टेबलावर एकच डबा होता. त्यांनी तो उचलून नुसता हलवला, तर झाकण आपोआप खाली पडलं.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "शंभर येळा हाच उघडलात काय?"