डब्यावर ‘मटण’ लिहिलं ते मीच

आमच्या घरात गाईचं मांस शिरलं ते खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंमुळे. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातला आमचा पहिला हिवाळा. मुलगी तीन वर्षांची होती आणि किंडरगार्टनमधून दर पंधरा दिवसांनी नवा ताप घेऊन यायची. पेज नको, वरणभात नको, तोंड घट्ट मिटलेलं. एक दिवस आजीबाईंनी पातेलंभर सूप आणून दिलं. त्यात गाजर, बटाटा आणि बोटानं तुटेल इतकं मऊ मांस होतं. पोरीनं दोन वाट्या संपवल्या आणि माझ्या मांडीवरच झोपली. मांस कसलं होतं ते मी दुसऱ्या दिवशी पातेलं परत देताना विचारलं. गाईचं, म्हणाल्या. विचारलंच नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पोरगी आठ दिवसांनी जेवली होती. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून ते सूप शिकले.

हळूहळू त्यात आलं-लसूण गेलं, दोन लवंगा गेल्या, मग चिमूटभर गोडा मसाला. नवऱ्यानं आधी नाक मुरडलं, मग ‘इथे बहुतेक बैलाचंच असतं’ असा शोध लावला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नोव्हेंबरात पाच वाजता अंधार होतो, एस-बान, म्हणजे इथली लोकल, हमखास उशिरा येते, कोट ओला झालेला असतो. अशा वेळी दार उघडल्यावर तो वास आला की मला बरं वाटायचं. सहा वर्षं असं चाललं. नवऱ्याची अट एकच, आईला कळता कामा नये. खायला पुढे आणि सांगायला मागे, तसलं ते. म्हणून आम्ही मुलीला शिकवलं की आजीनं फोनवर विचारलं काय जेवलीस, तर मटण म्हणायचं. सासर साताऱ्याचं, मटणाचं कुणाला वावडं नाही. पण माझ्या सासूबाई वसुबारसेला दिवसभर उपास धरणाऱ्या. गाईच्या बाबतीत त्यांच्यापुढे चेष्टासुद्धा चालत नाही.

गेल्या वर्षी त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि साताऱ्याच्या घरात त्यांना एकटीला करमत नव्हतं. नवरा म्हणाला, सगळं टाकून दे. मी नुकतंच दोन किलो आणून, तुकडे करून डब्यांत भरलं होतं. अन्न टाकायचं माझ्या जिवावर येतं. इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत, जुना फ्रीझर आहे, तिथे डबे नेऊन ठेवले. कोरे डबे दिसले तर त्या विचारतील, जर्मनमध्ये लिहिलं तर नात वाचून सांगेल, असा सगळा विचार करून मी चिकटपट्टीवर मराठीत ठळक अक्षरांत ‘मटण’ लिहिलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. बुधवार होता. नवरा कामासाठी न्युरेम्बर्गला गेलेला, शुक्रवारी येणार होता. मी ऑफिसमधून आले तर जिन्यातच खमंग वास. कांदा-खोबरं भाजल्याचा, त्यांनी सोबत आणलेल्या काळ्या मसाल्याचा. दार उघडलं. सासूबाई नऊवारी नेसून शेगडीपाशी उभ्या होत्या आणि मुलगी टेबलाशी वही उघडून बसली होती. खिडकीच्या कट्ट्यावर सासऱ्यांचा फोटो, त्याला हार.

‘‘विसरलीस ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज ह्यांचा वाढदिवस.’’

मी खरंच विसरले होते. सासरे गेल्यापासून त्या दर वाढदिवसाला मटण करतात आणि पहिलं पान फोटोपुढे ठेवतात. मग बाकीच्यांनी जेवायचं.

‘‘तुला त्रास नको म्हणून म्हटलं आपणच करावं. ही मला खाली घेऊन गेली. बरं झालं बाई तू मराठीत लिहून ठेवलंस, नाहीतर मला काय कळणार होतं? पण अगं, इकडची बकरी फारच निबर. सात शिट्ट्या झाल्या तरी शिजेना. आणि हाड एक नाही बघ. नळीशिवाय कसलं मटण?’’

मी कोट काढला नव्हता. मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. किल्ली घेऊन आजीला खाली तिनंच नेलं होतं, डबा तिनंच काढून दिला होता आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, कारण तसंच तर मी तिला शिकवलं होतं. तिनं हळूच जर्मनमध्ये विचारलं, आई, मी सांगू का? मी मान हलवून नको म्हटलं.

‘‘चाखलंत का?’’ मी विचारलं.

‘‘काय बोलतेस? ह्यांच्या पानाआधी मी कधी चाखलंय? मीठ अंदाजानं घातलंय.’’

म्हणजे अजून वेळ होता. पण मी खरं बोलले नाही, आधी पळवाट शोधली. म्हटलं, अहो आई, ते फार दिवसांचं आहे, खराब झालं असेल, टाकून देऊ या. त्यांनी झाकण काढून वास घेतला. ‘‘छान आहे की. मला नासलेलं कळत नाही का?’’ मग मी म्हटलं, तो येईपर्यंत थांबू, शुक्रवारी करू. त्या हसल्या. ‘‘वाढदिवस शुक्रवारी सरकतो होय?’’ दोन भाकऱ्या झाल्या होत्या. त्यांनी ताट घेतलं. भाकरी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, वाटीत रस्सा, वर चार मोठे तुकडे. पदर डोक्यावरून घेतला आणि ताट दोन्ही हातांनी उचलून त्या खिडकीकडे निघाल्या. स्वयंपाकघर ते खिडकी म्हणजे सात-आठ पावलं. गप्प राहिले असते तर कुणालाही कधीच कळलं नसतं, हेही त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मुलीनं पेन्सिल खाली ठेवली होती.

‘‘आई, ते बकऱ्याचं नाही.’’

त्या थांबल्या. ‘‘मग कशाचं?’’

बैलाचं म्हणावं असं एकदा ओठांवर आलं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

ताट त्यांनी टाकलं नाही, आपटलं नाही. उलट्या पावली आल्या आणि ते टेबलावर ठेवलं. बेसिनपाशी जाऊन हात धुतले, साबण लावून परत धुतले, मनगटापर्यंत. पाणी किती वेळ वाहत होतं कोण जाणे. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘ही पण खाते?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तो?’’

‘‘तोही.’’

‘‘किती वर्षं?’’

‘‘सहा.’’

मी रडत होते. आजीबाई, ताप, सूप, सगळं एका दमात सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ‘‘तुम्ही काय खाता ते तुमचं. परमुलखात राहता, पोर आजारी होती, मी समजू शकते. पण त्या डब्यावर कुणी लिहिलं?’’

‘‘मी.’’

‘‘मी वाचीन म्हणून लिहिलंस.’’

त्यांनी ताट उचलून नातीपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘‘तू जेव बाळा, तुझं चुकलं नाही काही.’’ मला म्हणाल्या, ‘‘ज्यात ते कधीच शिजलं नाही असं एखादं भांडं आहे का घरात?’’ मी सगळी कपाटं उघडली. दुधाचं पातेलं तेवढं निघालं. त्यांनी त्यात पिठलं केलं, एक नवी भाकरी थापली आणि ते पान फोटोपुढे ठेवलं. डोळे मिटून बराच वेळ उभ्या होत्या. मुलीनं ताटाला हात लावला नव्हता. रस्सा गार होऊन त्यावर तवंग धरला होता. तो कुकर मी दोनदा घासला.

मला वाटलं होतं त्या परतीचं तिकीट बदलायला सांगतील, नवरा आल्यावर मोठा तमाशा होईल. तसं काही झालं नाही. नवऱ्याला त्या एवढंच म्हणाल्या की दमलेला दिसतोस. पुढचे सात आठवडे त्या आमच्याकडे राहिल्या, नातीचे केस विंचरले, माझ्याशी साताऱ्याच्या गप्पा मारल्या, मला पडसं झालं तेव्हा काढा करून दिला. मी केलेलं जेवल्याही. फक्त मी ताट पुढे ठेवलं की त्या विचारायच्या, ‘‘हे काय आहे?’’ टोमणा नाही, राग नाही. भेंडीची भाजी समोर दिसत असली तरी विचारायच्या. मी सांगायची, भेंडी आहे, आई. मग जेवायच्या. दिवसातून दोनदा, रोज. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी उपमा केला. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, रवा आहे आई, कांदा, मोहरी, कढीपत्ता, दुसरं काही नाही. त्यांना वाईट वाटलं असावं. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, ‘‘अगं, सगळं सांगत बसायला नको, मला दिसतंय.’’ आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्यांनी बशी जवळ ओढली, चमचा हातात घेतला आणि माझा पहिला घास गिळून होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.