बंद नदीवरची लाल लोकर

हिवाळ्यात गार्वी नदी बंद असते. बंद म्हणजे पाणी वाहतं, मासेही असतात, फक्त माणसानं गळ टाकायचा नाही. सॅमनच्या माद्या त्या दिवसांत उथळ पाण्यात गोट्यांखाली अंडी घालून दमलेल्या असतात. त्यांच्या वाटेला जायचं नाही, हा कायदाही आहे आणि गावची रीतही. आणि नेमक्या त्याच दिवसांत, काळ्या डोहाच्या काठाशी, मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून डोलिना गन रोज लांब काठीनं दोरी फेकत होती. लपूनछपून मुळीच नाही. भर दुपारी, वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधल्या प्रत्येकाला दिसेल अशी.

दुकानात तर दुसरा विषयच नव्हता.

"सुंभ जळाला तरी पीळ काही जायचा नाही," पोस्टाच्या खिडकीमागची जेसी-अ‍ॅन म्हणायची. "इतरांनी बंद नदीकडे नुसतं वाकून बघितलं तरी हीच अंगावर धावून जायची. आणि आता?"

"आता माझ्या दोरीला गळ नाही," डोलिना पावाची लादी पिशवीत कोंबत म्हणायची. "लोकरीचा गोंडा आहे, लाल. तुझ्याच दुकानातली लोकर. त्यानं मासा मेला तर तुलाही आत टाकतील, तयारीत राहा."

बोलायला ती अशीच. गोड बोलून काम काढणं तिला कधी जमलंच नाही, आणि जमावं असं वाटलंही नाही. साठी उलटलेली, लग्न केलं नाही, उभा जन्म या नदीवर घिली म्हणून काढला. इस्टेटीवर येणाऱ्या पाहुण्यांना पाण्यावर न्यायचं, कुठे उभं राहायचं ते दाखवायचं, गळाला पिसांची कुठली खोटी माशी बांधायची ते सांगायचं, आणि त्यांनी दोरी झाडात अडकवली की न हसता सोडवून द्यायची, हे घिलीचं काम. शेवटचं तेवढं तिला साधत नसे. ती हसायची. तरी पाहुणे वर्षानुवर्षं तिचंच नाव सांगून यायचे.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला ती पडली. नदीत कधी पाय घसरला नाही बाईचा, आणि पडली कुठे, तर कोळसा आणायला निघाली तेव्हा, स्वतःच्या दारातल्या बर्फावर. उजवा खांदा मोडला. हाड सांधलं, पण हात कानाच्या वर जाईना.

इस्टेटीचा नवा मॅनेजर प्रेंटिस तिला भेटायला आला. दक्षिणेकडचा, तरुण, कपाळावर एक सुरकुती नसलेला. फळांची टोपली घेऊन आला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"मिस गन, तुमच्याबद्दल सगळ्यांना आदर आहे," तो म्हणाला.

डोलिनाला तिथंच कळलं की आता काहीतरी वाईट येणार.

"पण पाहुण्यांना दोरी टाकून दाखवता आली पाहिजे. हंगाम उघडतो त्या सकाळी पहिली दोरी तुम्हीच टाकता ना? सर्वांत जुन्या घिलीचा मान म्हणून? मग त्या दोरीनंच ठरवू. काळ्या डोहाच्या पलीकडच्या काठाला पोचली, तर तुमची जागा तुमची. नाही पोचली, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"आणि सराव कुठे करू? नदी बंद आहे."

"बंगल्यापुढची हिरवळ आहे की! खुशाल वापरा."

हे ऐकून डोलिना हसली नाही, यावरून तिचा संताप ओळखावा. आमच्या नदीच्या काठावर मागे दाट झाडी. दोरी मागे भिरकावून पुढे टाकायची सोयच नाही. ती आधी बाजूला पाण्यावर टेकवावी लागते. पाणी तिचं टोक धरतं, त्या ओढीनं काठी वाकते आणि मग दोरी पुढे सुटते. गवत काही धरत नाही, दोरी नुसती घसरते. गादीवर पोहायला शिका म्हणण्यातला प्रकार. तरी ती दोन दिवस हिरवळीवर गेली, फळांच्या टोपलीची लाज म्हणून म्हणा. तिसऱ्या दिवशी गळ काढून ठेवला, लाल लोकर बांधली आणि सरळ काळ्या डोहावर जाऊन उभी राहिली.

पहिल्यांदा आला तो सोर्ली. सोर्ली नदीचा राखणदार. बंद हंगामात गळ टाकणाऱ्याला पकडायचं, त्याच्यावर खटला भरायचा, हे त्याचं काम. आणि तो डोलिनाचा सख्खा भाचा, वारलेल्या भावाचा मुलगा.

"आत्या, बाहेर ये," तो काठावरून म्हणाला.

"का रे? बुडतेय का मी?"

"चेष्टा पुरे. कायदा काय सांगतो ते मी तुला सांगायचं का? बंद हंगामात मासा धरायचा नाही, धरायचा प्रयत्नही करायचा नाही."

"गळ नसताना प्रयत्न कसला? उद्या मी नदीत हात धुतले तर म्हणशील आत्या मासा चाचपत होती."

"प्रयत्न कशाला म्हणायचं ते कोर्ट ठरवतं. तू नाहीस आणि मीही नाही."

"मग ने मला कोर्टात. तिथं तरी खुर्ची मिळेल बसायला."

सोर्लीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आणि रीत? ती तर तूच शिकवलीस ना आम्हाला? आज तू लोकर बांधून उभी राहिलीस, उद्या दहा जण उभे राहतील. त्यातल्या कुणाच्या लोकरीत काय लपलंय, हे मी कसं बघत फिरू?"

हे मात्र तिला लागलं, कारण ते खरं होतं.  ती दोरी गुंडाळून काठाशी आली आणि टोक त्याच्या हातात दिलं.

"हे बघ. रोज येऊन बघ. जो कुणी उभा राहील त्याचं बघ, नाहीतर पगार कसला घेतोस? आणि मी उभी कुठे आहे तेही बघ. खडकावर. अंडी आहेत ती वर, उथळात. तिकडे माझं पाऊल पडलं तर माझा पाय तोडून टाक. पण हा हात असाच लोंबकळत ठेवून मी त्या मॅनेजर पोराच्या सांगण्यावरून घरी बसणार नाही. नाही म्हणजे नाही."

सोर्ली रोज यायला लागला. टोक तपासायचा, थर्मासमधला चहा पाजायचा, पुन्हा एकदा बाहेर ये म्हणायचा आणि जायचा. दोरी आधी पायाशीच कोसळायची. मग थोडी पुढे. मग डोहाच्या मध्याजवळ. रात्री खांदा इतका ठणकायचा की ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. पण हात कानाच्या वर जायला लागला.

घात झाला तो हंगाम उघडायला आठवडा उरला असताना. प्रेंटिस स्वतः नदीवर आला. कुणीतरी तक्रार केली होती. कुणी केली, ते तिनं कधी विचारलं नाही. सोर्ली शेजारी उभा होता, तोंड कसनुसं करून.

"मिस गन, ताबडतोब थांबा," प्रेंटिस ओरडला.

"ही एवढी टाकते, मग बोलू." आणि तिनं टाकली.

लोकर डोहात पडली, प्रवाहात वळली, आणि दोरी ताणली गेली. आधी तिला वाटलं, फांदी. मग फांदीनं मान झटकली.

अंडी घालून रिकामी झालेली मादी होती. उपाशी, हडकलेली, चिडलेली. अशा दिवसांत त्या कशालाही चावतात. सुटायला हवी होती, गळ कुठे होता? पण लोकरीचे धागे तिच्या बारीक दातांत गुंतून बसले होते.

"दोरी काप!" सोर्ली ओरडला. "आत्या, काप आणि मागे हो!"

त्यात डोलिनाचा बचाव होता. मासा हातात आला नाही तर गुन्हाही नाही. डोलिनाला ते त्याच्याआधी कळलं होतं. पण तोंडात लोकर घेऊन, मागे लांबलचक दोरी ओढत ती मादी कुठल्यातरी मुळात अडकली असती आणि समुद्र गाठायच्या आत मेली असती.

"कापतेय कशाला? माझ्या लोकरीनं मरू देऊ तिला?"

तिनं मादीला सावकाश आत घेतलं. खांद्यातून कळा येत होत्या, तोंडातून शिव्या जात होत्या, त्यातल्या काही माशाला, बऱ्याचशा प्रेंटिसला. गुडघ्यावर बसून, मादीला पाण्यातच धरून, तिनं एकेक धागा दातांतून सोडवला. मग तिचं डोकं प्रवाहाकडे करून धरून राहिली, कल्ले चालायला लागेपर्यंत. मादी निघून गेली. प्रेंटिस फोनवर सगळं टिपत होता.

"बंद हंगामात सॅमन पकडलात," तो म्हणाला. "राखणदार, तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," सोर्ली म्हणाला.  "गळ नव्हता हे पाहिलं. आणि मासा... मासा आपोआप सुटला, असं मला..."

"ए सोर्ल्या!" डोलिना पाण्यातून गरजली. "खोटं बोलशील तर थोबाड फोडीन. हात लावला मी. या दोन्ही हातांनी धरला आणि सोडवला. हेच सांग वर, आणि का लावला तेही सांग."

नदीची राखण बघणाऱ्या मंडळानं सोर्लीचं सगळं ऐकून घेतलं, डोलिनाला सक्त ताकीद दिली आणि खटला भरला नाही. प्रेंटिसचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर चूक झाली म्हणा, तरच दोरी टाका, नाहीतर येऊ नका, असा त्यानं निरोप धाडला.

"चूक झाली असती तर मी न सांगता म्हटलं असतं," डोलिनानं उलट निरोप दिला. "झाली नाही. येत नाही."

त्या रात्री ती रडली. कुणाला सांगितलं नाही, पण रडली. नदीशिवाय तिच्याकडे दुसरं होतं काय?

हंगाम उघडायची सकाळ. काळ्या डोहावर सगळं गाव जमलेलं, पाहुणे महागडे कोट घालून उभे, रीतीप्रमाणे पाण्यात ओतायची व्हिस्कीची बाटली तयार. प्रेंटिसनं छोटंसं भाषण केलं, व्हिस्की ओतली आणि वॉटी नावाच्या घिलीला म्हणाला, "टाका पहिली दोरी."

वॉटीनं काठी खाली टेकवली. "डोलिनाची पडली नाही अजून."

"ती येणार नाही. फार्कर, तुम्ही टाका."

फार्कर दुसरा घिली. दोघांनाही दोरी धरायला डोलिनानंच शिकवलेलं. फार्कर खिशातून बिस्कीट काढून खात होता. "डोलिनाची पडू दे की," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

"नदी उघडली आहे! कायद्यानं आज सकाळपासून उघडली आहे!"

"उघडलीय ना," वॉटी म्हणाला. "नाही कोण म्हणतंय? टाका तुम्ही."

प्रेंटिसला दोरी टाकता येत नव्हती. पाहुण्यांना येत होती, पण रीत त्यांनाही ठाऊक होती, ते नुसते पाय आपटत ऊब आणत राहिले. असा बराच वेळ गेला. शेवटी प्रेंटिस गाडीत बसला.

डोलिना बटाटे सोलत होती. त्यानं दारातूनच सांगितलं, "चला. चूक म्हणायची अट काढली."

"आणि पलीकडच्या काठाची?"

"ती आहे."

"असू दे. ती मला मान्यच होती." तिनं सुरी ठेवली, हात पुसले आणि काठी घेतली.

ती पाण्यात उतरली. दोरी बाजूला टेकली, पाण्यानं ती धरली, काठी वाकली. आणि ऐन सुटताना खांद्यानं दगा दिला. दोरी मध्यापुढे थोडी गेली आणि मऊपणे पडली. पलीकडचा काठ अजून बराच दूर होता.

प्रेंटिसनं मान खाली घातली. 

वॉटी खालच्या अंगाला पाण्यात उतरला. त्यानं दोरी टाकली. पठ्ठ्याचा हात असा की पलीकडच्या झाडाला जाऊन लागावी, पण त्याची दोरी पडली डोलिनाच्या दोरीच्या ओळीत. त्याखाली फार्करची. तीही तिथंच. मग गावातला एकेक जण उतरला आणि एकाचीही दोरी तिच्या पुढे गेली नाही.

डोलिनानं डावी-उजवीकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं आणि ती अशी लाल झाली की काही विचारू नका.

"मेल्यांनो! दया दाखवता मला? हेच शिकवलं का मी तुम्हाला? वॉट्या, टाक पूर्ण! टाक, नाहीतर ही काठी पाठीत घालीन!"

वॉटीनं डोळे पुसले आणि टाकली. ती गेली ती सरळ पलीकडच्या काठाला.

"हां! अशी!" ती म्हणाली आणि प्रेंटिसकडे वळली. "पाहिलंत? ती माझीच दोरी आहे. त्याच्या हातात मी घातली. माझ्या हातातली मध्यापर्यंत जाते, आणि मासे मध्यातच असतात, पलीकडच्या झाडावर बसत नाहीत. आता मला ठेवा नाहीतर काढा. पण आज संध्याकाळपर्यंत मी या पाण्यातून हलणार नाही, आणि मला हलवायला या काठावरचा कोण येतो ते बघतेच."

प्रेंटिसनं काठावरच्या एकेकाकडे पाहिलं. सोर्लीकडे पाहिलं. सोर्लीनं त्याच्याकडे पाठ केली आणि थर्मासमधून आत्यासाठी चहा ओतायला लागला.

"माझे दोन पाहुणे आहेत, मिस गन," प्रेंटिस शेवटी म्हणाला. "त्यांना कुठे उभं करायचं?"

"त्या खडकावर," डोलिना म्हणाली आणि पुन्हा काठी उचलली. "आणि उथळात पाय ठेवू नका म्हणावं."