पोळ्याला विसावलेला ३८६

भाजे गावात पहिला कॉम्प्युटर आणला तो आमच्या केरबानं, आणि तोही मळवली स्टेशनावरून बैलगाडीत, गवतावर निजवून. ३८६ म्हणायचे त्याला. वेग तेहतीस मेगाहर्ट्झ. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डब्यावरचे लाल आकडे लय आवडायचे. टर्बोचं बटण दाबलं की सोळाचे तेहतीस व्हायचे आणि केरबा ओरडायचा, "हुर्रर्र!"

गावच्या लग्नपत्रिका त्याच्यावर व्हायच्या. एक पत्रिका छापून बाहेर येईस्तोवर आमचा चहा होई, पान होई, नवऱ्याकडच्यांची उणीदुणीही काढून होत. लोणावळ्याच्या सुहासनं शंभराच्या वेगाचा पेंटियम घेतला आणि मुद्दाम चिडवायला आला. केरबा म्हणाला, "तुजं शर्यतीचं खोंड हाय, बाबा. माजा नांगराचा बैल. चिखलात कोन टिकतंय बघू."

आणि बैलच मानायचा हो तो! त्या काळी डब्याला किल्ली असायची. कुलूप घातलं की कीबोर्ड मुका. पोळ्याला केरबा त्याला हळदकुंकू लावायचा, कुलूप घालायचा आणि दिवसभर विसावा द्यायचा.

पुढे बैल गेले, टायपिंग गेलं, डबा कोपऱ्यात राहिला. यंदा त्याच्या सुनेला, शुभदाला, तो कोपरा फ्रिजसाठी हवा होता. शनिवार-रविवारी पर्यटक जेवायला येतात, तिची खाणावळ जोरात. म्हणाली, "आबा, चालू झाला तर राहू दे. नाही तर भंगारवाला दारात उभाच आहे."

दिवस नेमका पोळ्याचा. केरबानं मला बोलावून घेतलं, जुनी फ्लॉपी आत सारली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, लाल तेहतीस पेटले! पडद्यावर मेमरीचा आकडा हळूहळू चढायला लागला.

"आबा, हे मोजून होईस्तोवर मी कुरवंड्याला जाऊन येतो," भंगारवाला म्हणाला.

मोजणी संपली. एफ-वन दाबा, असं इंग्रजीत आलं. केरबानं दाबलं. पुन्हा दाबलं. ढिम्म! शुभदानं भंगारवाल्याकडे पाहिलं. केरबाचा चेहरा पार उतरला. मग त्यानं एकदम कपाळावर हात मारला.

"आरं, ह्यो सुटलाच न्हाई! शेवटच्या पोळ्याला कुलूप घातलं, आन् दुसऱ्या दिशी माजा पोरगा आकाश नवा कॉम्प्युटर घिऊन आला. तवापासनं बिचारा पोळाच पाळतोय!"

"किल्ली कुटं हाय?" मी.

"घुंगरमाळंला बांधलीया. पोळ्याबिगर तिला कोन हात लावतंय?"

दावणीला बैल नसले तरी शुभदानं सकाळीच मातीच्या बैलांपुढे ती माळ मांडली होती. तिनंच किल्ली सोडून आणली. कुलूप फिरलं. केरबानं एफ-वन दाबलं, टुक्! फ्लॉपी खरखरली आणि काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकू लागली.

शुभदाला हसू आवरेना. "राहू दे त्याला. फ्रिज ठेवते पडवीत. पण आबा, एक पत्रिका टाईप करून दाखवाच."

केरबानं किल्ली उलटी फिरवली. "आज न्हाई, पोरी. सण हाय त्याचा. उद्या जुपू."

भंगारवाला पुरणपोळी खाऊन रिकाम्या टेम्पोनं गेला. नैवेद्य मात्र आधी ३८६ला.