जावयाचे पाय

मी रुसलो होतो. जावई होतो, तो हक्कच होता माझा.

झालं असं, की अधिक महिना आला आणि आमच्या शेळगावातले झाडून सगळे जावई सासरवाडीला निघाले. तिथं सासरा परातीत पाय धुतो, गोडधोड खाऊ घालतो, चांदीचं काहीतरी हातात ठेवतो. मी डेअरीवर दूध मोजायला असतो. तिथं जो तो नवी अंगठी दिसेल अशा बेतानं कॅन उतरवायचा. आणि माझे सासरे? आमची दोन्ही घरं ख्रिस्ती, आणि ते तर पणदऱ्याच्या मंडळीतले पंच. फोनवर म्हणाले, "जावईबापू, आपल्यात ह्यो सण न्हाय."

वा रे वा! लग्नात हळद चालली, मांडव चालला, टॉवेल-टोपी चालली. माझे पाय धुवायची वेळ आली तेव्हा बरं बायबल आठवलं! मी बायकोला सांगून टाकलं, "आता तुझ्या माहेरची पायरी चढणार नाही."

"मग मीबी न्हाय जायची," ती म्हणाली. "एकटी गेले तर गाव इचारंल, पावणं कुठं हायती?"

आठ महिने गेली नाही. आईचा फोन आला की गोठ्यात जाऊन बोलायची आणि लाल डोळे घेऊन परत यायची. मला दिसत होतं. मी दुसरीकडं बघायचो.

शेवटी सासूबाईंनी फोन मलाच लावला. "गुडघ्यानं चालवत न्हाय मला. पोरीचं त्वांड तरी दाखवा." मी उपकार केल्यासारखा निघालो.

गुड फ्रायडेचा आदला दिवस होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुतात. यंदा ते काम पाळकांनी सासऱ्यांवर सोपवलं होतं. मला पुढची खुर्ची, शेजारी बायको. सासरे परात-तांब्या घेऊन थेट माझ्यापुढं बसले. आहाहा! मी पँट वर सरकवली, ऐटीत पाय पुढं केले आणि मेव्हणा बघतोय ना, याची खात्री करून घेतली. आला की नाही म्हातारा वळणावर!

पाय पुसून सासऱ्यांनी वर पाहिलं. "झालं समाधान?"

"झालं की," मी म्हणालो.

"मग ऐका. सासऱ्यानं जावयाचं पाय धुतलं, ह्यात काय नवल? समदा गाव धुतो. प्रभू गुरू हुता, आन त्यानं चेल्यांचं धुतलं. थोरल्यानं धाकल्याचं. ते कळायचं आसंल तर..." त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. "बायकूचं धुवा."

बायकांचे पदर तोंडावर गेले. मेव्हणा तर खोकायलाच लागला. "आबा, कायबी काय!" म्हणत बायकोनं पाय साडीखाली ओढले.

मला उठून चालू लागावंसं वाटलं. पण तसा गेलो असतो, तर तिचं माहेर कायमचं तुटलं असतं. मी खाली बसलो.

तिच्या टाचांना भेगा होत्या. वैरण, शेण, धारा. इतकी वर्षं हे पाय माझ्या घरात फिरत होते, मी कधी नीट पाहिलेच नव्हते. आणि त्यांचीच वाट मी आठ महिने अडवून बसलो होतो, एका अंगठीपायी. लाज वाटली मला, मनापासून.

एक पाय धुतला, पुसला आणि सुटलो एकदाचा म्हणून उठायला लागलो.

"अवो," ती अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसतही होती. "दुसरा ऱ्हायला."

मी पुन्हा खाली बसलो.