लगनाच्या तोंडावरचे लाल ठिपके
आंगावरचं पुरळ कसं घालवाचं, हे पुऱ्या किन्हीराजात मायाइतकं कोनालेच समजत नाही. मंगरूळपीरच्या वैद्यानं मले साफ सांगतलं होतं, "काही लावू नको, थे आपोआप जाते," आन् तेवढंच मले समजलं नाही. आजबी पोयाले बैलाच्या शिंगाले गेरू लावताना त्याचा वास आला का थे लाल ठिपके आठोतात. माया लगनाच्या तोंडावरच आंगभर उठले होते. होनारा सासरा म्हने, "हळदीले आंग साफ दिसलं तं लगन, नाही तं पोरगी देत नाही." मंग म्या कडूनिंब चोपडला, राख चोपडली, शेवटी गेरूच फासला. माय बोंबलली, "अरे, तुले अशा रंगात पाह्यलं तं सासरा वेसन घालून नेईल!" हळदीच्या सकाळी आंघोळ केली, तं आंग चकाचक! उघड्या आंगानं पाटावर असा बसलो, जसा कुस्ती मारून आलो. सासऱ्यानं पाठपोट तपासलं, मान हालवली, आन् लगन लागलं. घरी आल्यावर म्या ऐटीत बायकोले म्हनलं, "पाह्य, माया इलाजानं सारे ठिपके गेले." तिनं मले नीट न्याहाळलं. "ठिपके गेले," म्हने, "थोबाड तं तेच राह्यलं तुमचं."